कुंपणाजवळची रुई

सातपुड्याचा पायथा, चोपडा तालुका. शनिवारची सकाळची शाळा. कुंपणापलीकडे केळीची बाग, अलीकडे मैदान. चार खुंट्या ठोकून, सुतळी ताणून पाचवीच्या पोरांनी एक मीटर लांब, एक मीटर रुंद जमीन आखली आहे. आत जे जे जिवंत सापडेल, ते वहीत उतरवायचं.

"मॅडम, हाई काय शे?"

हरळी, केना, एकदांडी. मुंगळ्यांची रांग. गाजरगवताचं एक रोपही. नाव अहिराणीत आठवलं तर अहिराणीतच लिहायचं; पुस्तकातलं नाव नंतर शेजारी.

कुंपणाला लागून रुईचं झुडूप आहे. एक मुलगी पान हलकेच उलटते. खालच्या बाजूला खसखशीएवढं पांढरं अंडं. शेजारच्या पानावर अळी: काळे-पांढरे पट्टे, मधे पिवळे ठिपके, पाठीवर शिंगांसारखे काळे तंतू. मुलगी मोजते. तीन जोड्या. ही बिबळ्या कडवा फुलपाखराची अळी. रुईचा विषारी चीक तिच्या अंगात भिनतो, म्हणून पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. 'कडवा' हे नाव त्यावरूनच.

आता पक्षी. एकाच जागी दहा मिनिटं, दर शनिवारी त्याच वेळी; वेळ नि जागा बदलली तर आकड्यांची तुलना करता येत नाही. सातभाईंचा थवा, दोन वेडे राघू, तारेवर कोतवाल. चिमणी? एकही नाही. तेही लिहायचं, शून्य म्हणून. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही सवय. रानपिंगळा या छोट्या घुबडाची १८८४ नंतर खात्रीशीर नोंदच नव्हती. तो संपला असंच लोक धरून चालले होते. १९९७ साली तो याच सातपुड्यात, शहाद्याजवळ पुन्हा दिसला. शोधणारे आले, तेव्हा दिसला.

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या साफसफाईत ही रुई बुंध्यापासून छाटली गेली. पुढच्या शनिवारी फुलपाखरांच्या रकान्यात शून्य होतं. हेतू वाईट नव्हता, पण ते शून्य पोरांच्या जिवाला लागलं. पाऊस झाला, बुंध्याला धुमारे फुटले.

परवा पुन्हा झेंडावंदन. विळे घेऊन मोठी मुलं मैदानात उतरलीत. पाचवीची पोरं खुंट्या उपटतात आणि तीच सुतळी रुईभोवती बांधतात. वहीचा कागद फाडून एक जण त्यावर लिहितो:

"इथे अळ्या आहेत. तीन."