डेंटलला जायचं तर ठरवून जा

(कुडाळ येथे अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर एका दंतवैद्याने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुलांनो, आणि मागच्या बाकांवर बसलेल्या आईवडिलांनो, नमस्कार.

दर वर्षी नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा, निकाल लागला की माझ्या दवाखान्यात अशी माणसं येतात ज्यांचा दात दुखत नसतो. बाबा खुर्चीत बसतात, मुलगा किंवा मुलगी दाराशी उभी. "सर, एमबीबीएसला मार्क पुरत नाहीत. डेंटल टाकू काय?" मी बाबांना उत्तर देत नाही, मुलीकडे बघतो. ती बाबांकडे बघते. दोन वर्षं क्लास झाले, टेस्ट सिरीज झाल्या, पण दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून काम करायला तुला आवडेल का, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं. मला आज एवढंच सांगायचं आहे की हा प्रश्न अकरावीतच विचारा. उत्तर 'हो' आलं तर अभ्यास आणि कागद दोन्ही त्याच दिवशी सुरू करा.

काम काय असतं ते आधी ऐका. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दात काढायचे, चांदी भरायची, कवळी बसवायची. ते आहेच. पण आपल्या भागात अजून पुष्कळ घरांत तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करतात आणि सकाळी बायका ती हिरड्यांना घासतात. एखादी आजी हिरडी सुजली म्हणून येते. आरशाने गाल बाजूला केला की आत पांढरा चट्टा दिसतो, जो तिला कधी दुखलेला नाही. तो पुढे कर्करोगाचा होऊ शकतो, आणि तो बघणारा पहिला माणूस बहुतेक वेळा दंतवैद्यच असतो. दुसरी गोष्ट सुपारीची. आपल्याकडे श्रीवर्धनच्या सुपारीचं नाव आहे, बागा आहेत, आणि खाणारेही आहेत. पंचविशीतला एक मुलगा आला, म्हणाला, "डॉक्टरानू, तोंड उघडणा नाय, तिखट खावक जमणा नाय." दोन बोटं आडवी जाईनात. गालाच्या आतलं अस्तर पांढुरकं आणि ताठ झालेलं. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही हे होतं, आणि सुपारी कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवलं आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी असे रुग्ण येतच आहेत. एमबीबीएस हुकलं म्हणून नाइलाजाने आलेला मुलगा तोंडात एवढं निरखून बघेल, असा भरवसा मला वाटत नाही. ज्याने हे काम मनापासून निवडलं आहे तो बघतो.

आणि हात. बीडीएस म्हणजे दंतवैद्याची पदवी; तिच्या पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. पुढचा दात, सुळा, दाढ, प्रत्येकाची उंची-रुंदी मोजून. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळाला गोलाई देणारा कारागीर जसा हाताला आणि डोळ्याला एकत्र चालवतो, तसं ते काम आहे. अमेरिकेच्या डेंटल प्रवेश परीक्षेत आकार ओळखण्याचा वेगळा भाग असतो. आपल्या परीक्षेत हाताची किंवा नजरेची कसलीच चाचणी नाही, म्हणून ती घरीच घ्या. साबणाची वडी आणि बोथट सुरी घ्या, आरशात स्वतःचा पुढचा दात बघा आणि तो कोरा. पहिला बिघडेलच. पाचवा करताना वेळेचं भान राहिलं नाही, तर तुम्हाला जे कळायचं ते कळलं.

आता परीक्षा. डेंटलसाठी वेगळी परीक्षा नाही, एमबीबीएसची तीच नीट. १८० प्रश्न, ७२० गुण: जीवशास्त्राचे ९० प्रश्न, भौतिक आणि रसायनचे ४५-४५. २०२५ पासून ऐच्छिक प्रश्न गेले आणि वेळ १८० मिनिटांवर आली. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, त्यात वर्तुळ काळं करणंही आलं. शाईचं वर्तुळ खोडता येत नाही, म्हणून घरी सराव करताना छापील ओएमआरवर (वर्तुळांच्या उत्तरपत्रिकेवर) बॉलपेननेच करा, नुसती वहीत उत्तरं लिहू नका. बरोबरला चार, चुकलं तर एक वजा. चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर उरलेल्यांतला एक लावाच, हिशेब तुमच्या बाजूने आहे.

अभ्यासाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यासाठी तुमचे सर आहेत. जीवशास्त्राला एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राची, पुस्तकं ओळ न् ओळ वाचा, आकृतीखालची ओळसुद्धा. बोर्डाचं पुस्तक बारावीसाठी लागतंच, पण नीट एनसीईआरटीच्या भाषेत विचारते. गुण सारखे पडले तर क्रम लावताना आधी जीवशास्त्राचे बघतात. नीट मराठीतही देता येते, पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं. तरी ज्यांनी अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतून केलं, त्यांनी इंग्रजीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. भाषांतराबद्दल शंका आली तर इंग्रजी मजकूरच प्रमाण धरतात. आणि पात्र झालो म्हणजे प्रवेश मिळाला, असं समजू नका. खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल (टक्के नव्हे, सगळ्या परीक्षार्थींमधलं तुमचं स्थान), मागासवर्गीयांना ४०, ही फक्त दारात उभं राहायची परवानगी आहे.

परीक्षा मेच्या सुरुवातीला असते. चाकरमानी गावी येत असतात, कोकण रेल्वेचं तिकीट मिळत नाही, महामार्गावर आंब्याच्या गाड्या. केंद्र लांब आलं तर आदल्या दिवशीच पोचा. दुपारी दीडला फाटक बंद होतं आणि मग कुणाचंही चालत नाही.

कागदांवर मात्र मी वेळ घेणार आहे, कारण आपल्याकडची मुलं गुणांपेक्षा जास्त वेळा इथे अडतात.

पहिली गोष्ट डोमिसाइलची, म्हणजे राज्याच्या रहिवासी दाखल्याची. दोडामार्ग, बांदा, सातार्डा भागातली मुलं गोव्यातल्या शाळा-कॉलेजात जातात. जवळ पडतं, मी समजू शकतो. पण महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी साधारण नियम असा की डोमिसाइल महाराष्ट्राचं हवं आणि दहावी-बारावीही महाराष्ट्रातून हवी. काही अपवाद आहेत, ते सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याचे प्रवेश करणाऱ्या कार्यालयाच्या, माहितीपुस्तिकेत वाचा. अकरावीला गोव्यात नाव घालण्याआधी वाचा, बारावीनंतर वाचून उपयोग नाही.

दुसरी, जात वैधता, म्हणजे राखीव जागेसाठी जातीचा दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र. तिचा अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत करता येतो. समिती जुना पुरावा मागते: ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. आता आपल्या घरांची गोष्ट बघा. आजोबा गिरणीत होते, काही वर्षं गावच्या शाळेत, काही लालबाग-परळच्या म्युनिसिपल शाळेत. गावच्या रजिस्टरात नाव एक, मुंबईच्या दाखल्यावर दुसरं. एकीकडे आडनाव, दुसरीकडे वाडीचं नाव. एकीकडे नुसतं 'कुणबी', दुसरीकडे 'ति. कुणबी', म्हणजे तिलोरी कुणबी. ही गाठ सोडवायला महिने जातात. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची गाव नोंद, जुने खरेदीखत, जे मिळेल ते आत्ता गोळा करा. चुलत्याची किंवा आत्तेची वैधता आधी झालेली असेल तर तिची प्रत जोडा, फार मदत होते. नॉन-क्रिमीलेअरची, म्हणजे मागासवर्गातल्या उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची, मुदत ३१ मार्चला संपते, तारीख बघून नवीन काढा. आधार, दहावीचा दाखला आणि नीटचा अर्ज, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच असू द्या.

प्रवेशाच्या दोन वाटा आहेत. सीईटी सेलचा अर्ज सगळे भरतात. देशपातळीवरच्या एमसीसीचा, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय प्रवेश समितीचा, अर्ज आपली मुलं सोडून देतात. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा तिथून भरतात. सरकारी डेंटल कॉलेज म्हटलं की आपल्याला मुंबईच आठवते, पण गोव्याचं सरकारी डेंटल कॉलेज बांबोळीला आहे, इथून कितीतरी जवळ. तिथल्या १५ टक्क्यांतली जागा तुम्हाला मागता येते. खासगीमध्ये खेडला कॉलेज आहे, आपल्याच कोकणात. पसंतीक्रमात एमबीबीएस आणि बीडीएस एकाच यादीत येतात. खरंच डेंटल हवं असेल तर ते वर लिहायला लाजू नका. आणि जे कॉलेज मिळालं तर जाणारच नाही, ते यादीत घालू नका.

फीबद्दल मुलींच्या पालकांनी नीट ऐका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) गटातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला ती सवलत नाही. हॉस्टेल, मेस आणि वर्षागणिक घ्यावी लागणारी हत्यारं मात्र घरूनच. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, एवढा काळ धरून हिशेब मांडा. पोरीसाठी पैसे नाहीत म्हणणाऱ्या घरात मुलाच्या डोनेशनसाठी बाग गहाण पडलेली मी बघितली आहे. याचा मला राग येतो, आणि तो मी इथे लपवणार नाही.

प्रवेशाच्या फेऱ्या भर पावसात चालतात. वीज जाते, नेटवर्क जातं, घाट बंद होतो. शेवटच्या दिवशी रात्री अर्ज भरायला बसू नका. मूळ कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, दोन झेरॉक्स संच वेगळे, आणि स्कॅन मोबाइलमध्ये.

आता प्रश्न विचारा. पालकांनी थोडा वेळ गप्प बसावं ही विनंती, आधी मुलांना बोलू द्या. त्या खिडकीजवळच्या मुलीने मघाशीच हात वर केला होता. हां, तू बोल.