कार्लोस फ्रांकी : रेडिओ, पेपर आणि एक फोटो

या व्याख्यानमालेत मला विषय दिलाय "क्रांती आणि वृत्तपत्र", आणि मी त्यासाठी क्युबाचा कार्लोस फ्रांकी निवडलाय. याचं नाव काढलं की लोक लगेच तो फोटो दाखवतात. फिदेल कॅस्ट्रोच्या मागे फ्रांकी उभा आहे, आणि काही वर्षांनी तोच फोटो परत छापला तेव्हा फ्रांकी गायब. माझी तक्रार अशी की गोष्ट तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते, त्याआधी या माणसाने काय काय केलं ते राहूनच जातं.

जन्म 1921चा, मध्य क्युबातल्या ऊसाच्या पट्ट्यात, घर गरीब शेतकऱ्याचं. तरुणपणीच कम्युनिस्ट पक्षाचं काम धरलं, पक्षाच्या ओय या दैनिकात प्रुफं तपासली, मग पक्षाशी फाटलं. पुढे बातिस्ताच्या हुकूमशाहीत रेव्होलुसिओन नावाचा चोरटा पेपर काढला, पकडला गेला, मार खाल्ला, देश सोडावा लागला आणि 1958 मध्ये सिएरा माएस्त्राच्या डोंगरात, बातिस्ताविरुद्ध बंड करणाऱ्या फिदेलकडे पोचला. तिथे त्याच्या हातात आलं बंडखोरांचं रेडिओ स्टेशन, रेडिओ रेबेल्दे.

आता या रेडिओबद्दल मला जरा सांगू द्या, कारण ही माझी फार आवडती गोष्ट आहे. तो सुरू केला फिदेलचा साथीदार चे गेवाराने, 24 फेब्रुवारी 1958ला. चेने स्वतःच लिहून ठेवलंय की पहिल्या कार्यक्रमाला श्रोते किती, तर दोन! एक समोरच्या टेकडीवर झोपडी असलेला पेलेंचो नावाचा शेतकरी, आणि दुसरा फिदेल, तोही तेव्हा तिथे आला होता म्हणून. (हसा, हसा, आपल्या व्याख्यानमालेची परिस्थिती त्यापेक्षा बरीच बरी आहे.) आणि काही महिन्यांत हाच रेडिओ व्हेनेझुएलातल्या काराकासची स्टेशनं पुढे प्रक्षेपित करायला लागली, म्हणजे हवानातल्या घराघरात लोक दारं लावून ऐकायला लागले.

जुलैमध्ये एल हिगुए या ठिकाणी बातिस्ताची एक पलटण वेढ्यात अडकली, अन्न नाही, पाणी नाही, वर डोंगरात बंडखोर. गोळीबार तर होताच, पण त्यांनी लाउडस्पीकरसुद्धा लावले. त्यावरून सैनिकांना शरण या म्हणायचे, आणि मधेमधे गाणी! डोंगरातल्याच एका शेतकरी घरातली पोरं, किंतेतो रेबेल्दे म्हणून त्यांचा ताफा, गिटार घेऊन त्या उपाशी सैनिकांना गाणी ऐकवतायत. पलटणीचा मेजर केवेदो हा विद्यापीठात फिदेलच्या बरोबरचा, फिदेल त्याला चिठ्ठ्या पाठवतोय. शेवटी तो शरण आला, कैदी रेडक्रॉसच्या ताब्यात दिले, आणि केवेदो स्वतः पुढे बंडखोरांनाच सामील झाला. शब्दाने काय होऊ शकतं हे फ्रांकीने त्या डोंगरात जवळून बघितलं. ते बघितलेला माणूस पुढे संपादक झाला हे कृपया लक्षात ठेवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, मग मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

क्रांती जिंकली आणि 1959ला रेव्होलुसिओन उघडपणे निघायला लागला, संपादक फ्रांकी. त्याची सोमवारची साहित्य पुरवणी काब्रेरा इन्फान्ते हा लेखक चालवायचा, 1960ला सार्त्र आणि सिमोन द बोव्हुआर हे फ्रेंच विचारवंत क्युबात येऊन गेले, सगळं झगमगीत. पण त्याच वर्षी दुसऱ्या पेपरांत काय चाललं होतं? सरकारविरोधी बातमी असली की खाली तिथल्याच पत्रकारांची आणि छापखान्याच्या कामगारांची टीप यायची, कोलेतिया म्हणायचे तिला, की हा मजकूर वृत्तपत्र स्वातंत्र्यापोटी छापलाय पण तो खरा नाही असं आम्हा पत्रकार-कामगारांचं मत. आधी टीप आली, मग मे महिन्यात दिआरिओ दे ला मारिना हा जुना पेपर बंदच झाला, मागोमाग बाकीचे. तेव्हा रेव्होलुसिओन बंद करणाऱ्यांच्या बाजूने होता. मला फ्रांकी मनापासून आवडतो, म्हणूनच हे मी झाकणार नाही.

1961ला हवानाच्या रात्रीवरच्या एका छोट्या लघुपटावर बंदी आली, लेखक चिडले, राष्ट्रीय ग्रंथालयात बैठका झाल्या आणि फिदेल म्हणाला, क्रांतीच्या आत सगळं, क्रांतीच्या विरोधात काहीच नाही. वर्ष संपायच्या आत सोमवारची पुरवणी बंद. मग फ्रांकीची खुर्ची गेली, आणि ऑक्टोबर 1965ला रेव्होलुसिओन आणि तो जुना ओय एकत्र करून ग्रान्मा निघाला, पक्षाचा पेपर. ज्या ओयमध्ये हा प्रुफं तपासायचा, त्याच्याबरोबरच याचा पेपर मिटला! शेजारचा पेपर मिटत असताना संपादकाने उभं राहायला हवं होतं, नंतर त्याच्यासाठी उभं राहायला पेपरच उरला नव्हता, एवढंच मला आज सांगायचं होतं.

1968ला सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले, फिदेलने पाठिंबा दिला, आणि इटलीत असलेल्या फ्रांकीने निषेधावर सही केली. फोटोतून जाणं त्यानंतरचं. पुढे तो पोर्तो रिकोत गेला, म्हातारपणी तिथून कार्ता दे क्युबा हे त्रैमासिक काढलं, त्यात क्युबातल्या स्वतंत्र पत्रकारांचं लिखाण छापायचा. 2010ला तिथेच वारला. प्रश्न असतील तर बाहेर चहाला विचारा, अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत.