सेन्नाचा विक्रम मोडणारा पोरगा एकच गुण घेऊन घरी का गेला?

१९९४ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीच्या, म्हणजे फॉर्म्युला वनकडं जाणाऱ्या खालच्या पायरीच्या, १८ शर्यती झाल्या. त्यातल्या १४ एकट्या पोरानं मारल्या. यान मॅग्नुसन, डेन्मार्कचा, एकवीस वर्षांचा. त्याआधीचा विक्रम होता १२ विजयांचा, १९८३ चा, आणि तो होता ब्राझीलच्या आयर्टन सेन्नाच्या नावावर, जो पुढं तीनदा फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. त्याच १९९४ च्या १ मेला सेन्नाचा इमोलाच्या ट्रॅकवर अपघातात मृत्यू झाला. सगळं जग पुढचा सेन्ना शोधत होतं आणि इकडं हा पोरगा सेन्नाचाच विक्रम मोडत होता.

आता सांगा, फॉर्म्युला वनमध्ये त्याला एकूण गुण किती मिळाले असतील?

एक.

नमस्कार मंडळी. मागून खटखट ऐकू येत असेल तर माइक खराब नाही, ते माग आहेत. आमचं घर सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अंगाला. माग थांबायची वाट बघत बसलो तर व्हिडिओ कधीच व्हायचा नाही, तेव्हा समजून घ्या.

आजचा विषय निघाला तो पार्क चौकात चहा पिताना. मित्र म्हणाला, "ज्याच्याकडं खरा दम असतो तो वर येतोच की." मी म्हटलं नाही येत. वाद घरापर्यंत आला. घरी मामा बसलेले. मामा तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर. माग बिघडला, चादरीत खोट आली, की जॉबरला हाक. त्यांना फॉर्म्युला वनमधलं ओ की ठो कळत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चादरीत खोट निघाली की मालक आधी विणणाऱ्यावर ओरडतो. मी आधी सूत बघतो. मग माग बघतो. हात शेवटी बघतो."

तर आज आपण असंच करायचं. ड्रायव्हर वाया गेला असं म्हणण्याआधी खोट कुठं होती ते बघायचं.

सुरुवात क्रिस एमनपासून. न्यूझीलंडचा, मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. १९६३ ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये. १९६६ ला ब्रूस मॅक्लारेनबरोबर फोर्ड जीटी ४० मधून ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. १९६७ ला थेट फेरारीत. तिथं गेल्या गेल्या काय झालं, तर मोनॅकोत जोडीदार लोरेन्झो बांदिनीची गाडी पेटली आणि तो गेला. पाठोपाठ माइक पार्क्सचे पाय बेल्जियममध्ये मोडले. तेवीस वर्षांच्या पोरावर फेरारीची सगळी जबाबदारी.

वेग होता का? होता. पाच वेळा पोल पोझिशन, म्हणजे शर्यतीत सगळ्यांच्या पुढून सुरुवात. अकरा वेळा पहिल्या तिघांत. शर्यती ९६. जागतिक स्पर्धेत गणले गेलेले विजय शून्य.

आता बघा हं. १९६८, स्पेन. पुढं आहे, इंधनाचा पंप गेला. त्याच वर्षी कॅनडा. क्लच सुरुवातीलाच गेलेला, तरी हा बिनक्लचची गाडी पळवतोय आणि दुसऱ्या नंबरच्या एक मिनिटाहून जास्त पुढं आहे. बिनक्लचची! मी जुनी स्कूटर बिनक्लचची सात रस्त्यापासून घरापर्यंत आणली होती एकदा, तेव्हा रस्ताभर शिव्या खाल्ल्या. ह्यानं ७२ फेऱ्या तशा काढल्या. ९० फेऱ्यांची शर्यत. शेवटी गिअरबॉक्सनं मान टाकली. १९६९, पुन्हा स्पेन, पुन्हा मोठी आघाडी, इंजिन जाम.

मग १९७१, इटली, मोन्झा. आता तो मात्रा नावाच्या संघाच्या गाडीत. पोल त्याचा, शर्यतीतही पुढं. हेल्मेटच्या काचेवर पातळ फिल्म लावलेली असते, घाण झाली की एक ओढून फेकायची. त्यानं फिल्म ओढली आणि अख्खी काचच हातात आली. अडीचशेच्या वर वेग आणि उघडे डोळे. सहावा आला.

आणि १९७२, फ्रान्स. ही शर्यत जरा नीट सांगतो.

क्लेरमाँ फेराँजवळ शाराद नावाचा ट्रॅक. विझलेल्या ज्वालामुखीच्या डोंगरातून गेलेला रस्ता, घाटासारखा. कडेला काळे खडे पसरलेले. गाडी जरा कडेला गेली की खडे उडतात. एमन पोलवर. सुरुवातीपासून पुढं. अंतर वाढत चाललंय. आणि टायरमध्ये खडा घुसला. पंक्चर. टायर बदलून परत आला तो जणू पिसाळल्यासारखा. एकेकाला मागं टाकत तिसरा. शर्यतीतली सर्वात वेगवान फेरी त्याचीच.

त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर आणखी एक खडा उडाला. तो एका ऑस्ट्रियन ड्रायव्हरच्या हेल्मेटची काच फोडून डोळ्यात गेला. डावा डोळा कायमचा गेला, कारकीर्द तिथंच संपली. वर्षभरापूर्वीच ल मां जिंकलेला माणूस. त्याचं नाव हेल्मुट मार्को. हो, तेच मार्को, २०२५ पर्यंत रेड बुल संघाचे सल्लागार असलेले, ज्यांनी पुढं पोरांना फॉर्म्युला वनमध्ये आणलं आणि हंगाम अर्धा असताना काढूनही टाकलं. पोरांच्या बाबतीत ते इतके कठोर का, असं विचारतात लोक. ते माझ्यापेक्षा त्यांनाच ठाऊक. मला मात्र त्यांना टीव्हीवर बघताना ते खडे आठवायचे.

त्या काळातला ड्रायव्हर मारिओ आंद्रेत्ती थट्टेनं म्हणायचा, एमननं अंत्यविधीचा धंदा काढला तर माणसं मरायची थांबतील. त्यामुळं एमन म्हणजे जगातला सर्वात दुर्दैवी ड्रायव्हर हे समीकरण पक्कं झालं.

मला ते पूर्ण पटत नाही. कारण पंप, गिअरबॉक्स, पंक्चर या गोष्टी एका दिवसाच्या. पण १९६९ च्या उन्हाळ्यात त्यानं जे केलं ते त्याच्या हातात होतं. फेरारीनं नवीन बारा सिलिंडरचं आडवं इंजिन बनवलं होतं. चाचणीला एमनच. इंजिन फुटलं. पुन्हा फुटलं. तीन वर्षं अशाच फुटणाऱ्या गाड्यांनी वैतागलेला माणूस, त्यानं फेरारी सोडली आणि मार्च नावाच्या नव्याकोऱ्या कंपनीत गेला. पुढच्याच वर्षी, १९७० ला, त्याच इंजिनाच्या फेरारीनं चार शर्यती जिंकल्या. तीन जॅकी इक्सनं, एक क्ले रेगाझोनीनं.

मामांना हे सांगितलं. म्हणाले, "नवा माग बसवला की पहिले काही महिने सूत तोडतोच. त्या दिवसांत जो सोडून जातो, त्याच्या जागी बसणारा कमावतो."

पण एमनला दोष तरी किती द्यायचा? ल मांचा जोडीदार ब्रूस मॅक्लारेन १९७० च्या जूनमध्ये चाचणी घेताना गेला. त्याच वर्षी योखेन रिंट मोन्झात. त्याआधी दोन वर्षं जिम क्लार्क. एमन स्वतःला दुर्दैवी मानायचाच नाही. त्याचं म्हणणं, मी जिवंत आहे की.

आता परत मॅग्नुसनकडं, कारण इथं मामलाच वेगळा आहे.

या खेळात एक सोय आहे. गाडी कशी आहे हे बाजूला ठेवून ड्रायव्हर मोजायचा असेल तर त्याच्या जोडीदाराकडं बघायचं. एकाच संघात दोन गाड्या, जवळपास सारख्याच. म्हणजे एकाच सुतावर, शेजारशेजारच्या मागांवर दोन विणकर. १९९७ ला जॅकी स्टुअर्टनं स्वतःचा संघ काढला. एका गाडीत रुबेन्स बॅरिकेलो, दुसरीत मॅग्नुसन. मोनॅकोत पाऊस पडला, बॅरिकेलो दुसरा आला. मॅग्नुसन सातवा. तेव्हा गुण पहिल्या सहा जणांनाच मिळायचे. वर्षाअखेरीला बॅरिकेलोचे सहा गुण, मॅग्नुसनचा भोपळा. सूत तेच, माग तोच.

मग हात कमी पडला का? हात कमी असलेला माणूस १८ पैकी १४ शर्यती जिंकत नाही हो. खोट हातात नव्हती, सवयीत होती. फॉर्म्युला थ्रीपर्यंत सगळं उपजत वेगावर भागलं होतं. पठ्ठ्या सिगारेट ओढायचा, व्यायामाची फारशी आवड नाही. आणि नेमक्या त्याच काळात मायकेल शुमाकरनं ड्रायव्हर म्हणजे काय याची व्याख्याच बदलून टाकली होती. जिममध्ये तासन्‌तास, रात्री उशिरापर्यंत इंजिनिअरांबरोबर आकडे तपासत बसणं. शर्यत संपली तरी तोंडावर घाम नाही. मॅग्नुसन आदल्या पिढीत जन्मला असता तर कदाचित खपूनही गेलं असतं.

१९९८, कॅनडा. मॅग्नुसन सहावा आला, आयुष्यातला पहिला गुण मिळाला. आणि त्याच शर्यतीनंतर त्याला काढलं. त्याच्या जागी कोण आला, तर योस व्हर्स्टापन. चार वेळा विश्वविजेता ठरलेल्या मॅक्स व्हर्स्टापनचे वडील. तेही याच यादीतले, पण त्यांच्यावर बोलायला लागलो तर गड्ड्याची यात्रा येईल.

पुढं मॅग्नुसन कॉर्व्हेटच्या गाड्या चालवू लागला आणि ल मांला आपल्या गटात चारदा जिंकला. मुलगा केव्हिन २०१४ ला फॉर्म्युला वनमध्ये आला आणि पहिल्याच शर्यतीत दुसरा. पुन्हा कधी पहिल्या तिघांत आला नाही, ते जाऊ द्या.

स्टेफान बेलोफचं थोडक्यात सांगतो, कारण त्याच्या बाबतीत तपासायला फार काही उरतच नाही. जर्मन पोरगा. १९८३ ला न्यूर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर, २० किलोमीटरहून लांब घाटरस्ता तो, पोर्शे ९५६ मधून ६ मिनिटं ११ सेकंदांची फेरी. ती वेळ मोडायला २०१८ उजाडलं, तेही सगळे नियम बाजूला ठेवून खास बनवलेल्या गाडीनं. १९८४ च्या मोनॅकोत पावसात तो सगळ्यात मागून निघून तिसरा आला, पुढं प्रॉस्ट आणि सेन्ना. नंतर त्याच्या संघाचे त्या हंगामाचे सगळेच निकाल रद्द झाले, म्हणून नोंदीत तेही नाही. १ सप्टेंबर १९८५ ला स्पाच्या ओ रूज वळणावर त्यानं जॅकी इक्सला ओलांडायला बघितलं. तिथं ओलांडायला जागा नसते. तो गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

रॉबर्ट कुबिकाला मात्र दुसरी संधी मिळाली, उशिरा का होईना. पोलंडचा. २००८ ला कॅनडात जिंकला आणि गुणांमध्ये सगळ्यांच्या पुढं गेला. बीएमडब्ल्यूनं त्या वर्षीची गाडी सुधारायचं सोडून पुढच्या वर्षीच्या गाडीवर जोर लावला. कुबिका चिडला, आणि माझ्या मते बरोबर चिडला, कारण पुढच्या वर्षीची गाडी काही कामाची निघाली नाही. ६ फेब्रुवारी २०११ ला तो हौसेखातर इटलीत एका छोट्या रॅलीत उतरला. रस्त्याकडेचा लोखंडी कठडा गाडीत घुसून आरपार गेला. उजवा हात कसाबसा वाचला.

आठ वर्षांनी तो फॉर्म्युला वनमध्ये परत आला, बहुतेक काम डाव्या हातावर. विल्यम्स संघाची गाडी तेव्हा सगळ्यात मागं असायची. त्या वर्षीचा संघाचा एकमेव गुण त्यानंच मिळवला. २०२१ ला ल मांमध्ये त्याची गाडी आपल्या गटात पहिली होती आणि शेवटच्या फेरीत बंद पडली. चोवीस तास पळून शेवटच्या फेरीत! तेव्हा मला वाटलं, झाला, दुसरा एमन झाला हा. पण २०२५ ला पिवळ्या फेरारीतून, यिफेई ये आणि फिल हॅन्सनबरोबर, त्यानं अख्खी ल मां जिंकली. हा ये तोच, जो २०२१ ला बंद पडलेल्या गाडीत बसला होता.

आता आपल्या माणसाकडं येऊ. नारायण कार्तिकेयन, कोईमतूरचा. २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय. त्या वर्षी इंडियानापोलिसला चौथा आला. लोक हसतात, सहाच गाड्या होत्या म्हणून. खरंय, मिशेलिनच्या टायरवाल्या चौदा गाड्या सुरक्षेच्या कारणानं बाजूला झाल्या होत्या. पण तो जॉर्डन नावाच्या संघात होता, दहा संघांत नववा संघ. त्याच गाडीत त्याचा जोडीदार मोंतेरो त्या दिवशी तिसरा आला, म्हणजे जॉबरच्या कसोटीवर नारायण त्या दिवशी कमीच पडला, हेही मान्य करायला हवं. पुढं दोन वर्षं विल्यम्सचा चाचणी ड्रायव्हर. परत शर्यतीत आला तो २०११ ला, तळाच्या एचआरटी संघामध्ये.

आणि सूत, म्हणजे मुळात हाताला मिळणारी संधी, काय असतं हे आपल्याकडून बघितलं की कळतं. गाड्यांच्या शर्यतीचे आपल्याकडचे मोठे ट्रॅक म्हणजे चेन्नई, कोईमतूर आणि दिल्लीपलीकडं ग्रेटर नोएडा. सोलापूरच्या पोरानं चेन्नईची गाडी पकडावी, रेल्वे तर दारातून जाते. पण युरोपातली पोरं सात-आठ वर्षांची असताना गो-कार्टमध्ये बसतात. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाचा खर्च कोटींच्या दोन आकड्यांत जातो. आणि वर जागा किती? २०२५ पर्यंत वीस. २०२६ ला अकरावा संघ आला, तर बावीस. होटगी रोडवर रात्री दुचाकी पळवणाऱ्यांत कुणाचा हात सेन्नासारखा असेलही. त्याला कळणार कसं? (आणि बाबांनो, तिथं शोधू नका. हेल्मेट घाला, हळू चालवा.)

जाता जाता एमनचं राहिलंच. १९७६ नंतर तो न्यूझीलंडला घरच्या शेतावर परत गेला. इंजिनिअर सांगायचे, गाडीत काय बिघडलंय हे त्याच्याइतकं अचूक कुणी सांगत नसे. म्हणजे बघा, तो खरा जॉबरच होता. १९८० च्या दशकात टोयोटानं त्याला बोलावलं. तिथल्या खडबडीत रस्त्यांसाठी साध्या कोरोला गाड्यांचं सस्पेन्शन त्यानं बसवून दिलं. दूध आणायला, पोरं शाळेत सोडायला जाणाऱ्या गाड्या. २०१६ ला तो गेला.

हे मामांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "पगार बरा दिला का त्याला?"