वळिवड्यातली माणसं आणि मॉस्कोतलं टेबल

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. स्टॅलिनच्या राजवटीनं त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती आपल्याकडे आली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. घरी कधी जायचं, हा प्रश्न मात्र क्रिमियात याल्टाला निकालात निघाला.

फेब्रुवारी १९४५. रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टॅलिन बोलायला बसले, तेव्हा वॉर्सा लाल सेनेच्या ताब्यात होतं आणि स्टॅलिननं आपल्या मर्जीतलं सरकारही बसवून टाकलं होतं. ब्रिटन-अमेरिकेची मान्यता असलेलं पोलिश सरकार लंडनमध्ये होतं. पण त्यानं कातिनच्या, म्हणजे हजारो पोलिश अधिकाऱ्यांच्या हत्याकांडाची चौकशी मागितली, तेव्हापासून मॉस्कोनं त्याच्याशी संबंध तोडले होते. पोलंडची पूर्व सरहद्द कर्झन रेषेवर ठरली. वंगभंगवाले तेच कर्झन. वळिवड्यातल्या बहुतेकांची घरं त्या रेषेपलीकडे, म्हणजे सोव्हिएत संघात गेली.

सरकारची ओढाताण एका शब्दावर आली. पाश्चात्त्यांना 'नवं' सरकार हवं होतं, करारात आली असलेल्या सरकारची 'पुनर्रचना'. श्रोतेहो, हा शब्द नीट ऐका. नवं म्हणजे कोरी पाटी. पुनर्रचना म्हणजे घर त्यांचंच, तुम्हाला फार तर ओसरी.

मग मार्चच्या अखेरीस पोलंडमधल्या भूमिगत चळवळीच्या नेत्यांना वॉर्साजवळ प्रुश्कुव इथं वाटाघाटींचं बोलावणं आलं. सुरक्षिततेची हमी दिलेली होती. ते गेले, आणि तिथून त्यांना थेट मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात नेलं. कित्येक आठवडे त्यांचा ठावठिकाणा कुणाला कळला नाही.

जूनमध्ये मॉस्कोत दोन बैठका एकाच वेळी चालू होत्या. एकीकडे लंडन सरकारचे माजी पंतप्रधान मिकोवायचिक मंत्रिपदांबद्दल बोलत होते. दुसरीकडे, १८ ते २१ जून, भूमिगत चळवळीच्या १६ नेत्यांवर खटला चालला होता. भूमिगत सेनेचे प्रमुख जनरल ओकुलित्स्कींना दहा वर्षांची शिक्षा झाली. ते परत आलेच नाहीत. त्याच दिवसांत कम्युनिस्ट नेते गोमुल्कांनी वाटाघाटीत स्पष्ट सांगितलं, की एकदा मिळवलेली सत्ता आम्ही कधीच सोडणार नाही. मिकोवायचिक तरीही उठून गेले नाहीत. मला ते भित्रे वाटत नाहीत. मुक्त निवडणुकीचं वचन कागदावर होतं, आणि मतं आपल्याकडे आहेत हे त्यांना ठाऊक होतं.

२८ जूनला सरकार झालं. मिकोवायचिकना उपपंतप्रधानपद आणि शेतीखातं मिळालं. सुरक्षाखातं कम्युनिस्टांकडेच राहिलं, आणि पोलीस ज्याचे, मतपेटी त्याची. ५ जुलैला ब्रिटन-अमेरिकेनं नव्या सरकारला मान्यता दिली. लंडनचं सरकार एका दिवसात नुसतं नावापुरतं उरलं. जानेवारी १९४७ ची निवडणूक दडपशाहीत आणि खोट्या आकड्यांवर उरकली गेली. ऑक्टोबरमध्ये मिकोवायचिक देश सोडून निसटले.

वळिवड्याची छावणी १९४८ मध्ये रिकामी झाली. काही जण पोलंडला गेले, पुष्कळ जण ब्रिटनला आणि आणखी लांब. जे इथंच वारले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत.