पट्टी मुलाची, लयही मुलाची

बालवाडीतलं गाणं बहुतेक वेळा पट्टीपाशीच, म्हणजे सा किती उंच धरायचा इथंच अडतं, म्हणून आधी पट्टीचंच बोलू. गाणं शिकलेली शिक्षिका सवयीनं काळी चारचा, म्हणजे पेटीवर खालच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा धरते. तिच्या गळ्याला तो बरोबर असतो. चार वर्षांचं मूल मात्र सहज गातं ते साधारण मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून (दुसरी पांढरी पट्टी) पांढरी सहापर्यंत. म्हणजे तिचा सा मुलाच्या तळापेक्षाही सहा अर्धस्वर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून सहा पट्ट्या खाली. मूल तिथं उतरू शकत नाही, मग नुसते शब्द बोलत राहतं आणि त्याच्यावर बेसूर असा शिक्का बसतो. हा अन्याय आहे.

सा पांढरी दोनचा धरा. पंचम, म्हणजे प, पांढरी सहावर येईल, आणि सा ते प एवढ्यात बसणारी बडबडगीतं आपल्याकडे भरपूर आहेत. स्वर सरळ लावा, मुरक्या नकोत. कंप नसलेला स्वर मुलांना जास्त नेमका पकडता येतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. पुरुषाचा आवाज एक सप्तक खाली असतो, तो वर उचलून घेणं लहानांना जड जातं. अशा वेळी पहिली ओळ सुरात गाणाऱ्या एखाद्या मुलीला म्हणू द्या.

हजेरी प-ग या दोन स्वरांवर घ्या. हंगेरीत संगीतकार कोडाय यांच्या नावानं चालणाऱ्या शिकवण्याच्या पद्धतीत लहानांची सुरुवात याच अंतरानं होते. नाव गाऊन हाक मारा आणि थांबा, दोन-तीन सेकंद तरी. उत्तर मुलानं एकट्यानं गायचं. तुम्ही सोबत गायलात किंवा पेटी चालू ठेवलीत, तर त्याचा स्वर तुम्हाला ऐकूच येणार नाही. उत्तर खाली आलं तर चूक दाखवू नका. त्याच्या स्वरावर जाऊन तीच हाक मारा, ती जुळली की अर्धा स्वर वर. एका दिवशी एक-दोन पायऱ्या पुरे.

लयीचंही तसंच. मोठ्या माणसाची स्वाभाविक टाळी मिनिटाला शंभराच्या आसपास पडते, चार-पाच वर्षांच्या मुलाची बरीच जलद. संथ ठेक्यात मूल पुढे पळतं ते उतावळेपणानं नव्हे. एवढा वेळ धरून ठेवणं त्याला अजून साधत नाही. आधी त्याला टाळी वाजवू द्या, गाणं त्या टाळीवर बसवा.

कान मात्र फार लवकर तयार असतो. 2005 मध्ये हॅनन आणि ट्रेहब या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन प्रदेशातल्या असमान तुकड्यांच्या, म्हणजे कुठे दोन तर कुठे तीन मात्रांचे गट असलेल्या चाली ऐकवल्या. चालीतला बिघाड सहा महिन्यांच्या बाळांना कळला, वर्षाच्या बाळांना नाही. पण घरी दोन आठवडे तसं संगीत ऐकवल्यावर वर्षाच्या बाळांनाही तो कळू लागला. मोठ्यांना तेवढ्या ऐकण्याचा तसा फायदा झाला नाही. आपल्याकडे सात मात्रांचा रूपक ताल असाच 3-2-2 चा आहे, झपताल 2-3-2-3 चा. तरी बालगीतांच्या ध्वनिफितींत बहुतेक सगळा केरवा आणि दादरा, हे समान तुकड्यांचे ताल! बाळाला मांडीवर घेऊन रूपकातली ओळ गा. पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेला गुडघा हलकेच उचला. मात्रा मोजून दाखवू नका. मोठी मुलं त्याच तीन जागांवर पाऊल टाकतील. तिसरं पाऊल पडलं की पुढच्या समेआधी, म्हणजे पहिल्या मात्रेआधी ती घाई करतात, तेव्हा सातवी मात्रा तुम्ही मोठ्यानं म्हणा.