याला पाणी कोण घालणार?

(सोलापुरातील एका व्याख्यानमालेतील भाषण, संपादित)

अध्यक्षमहाराज, मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय ‘वस्तीतल्या संस्था आणि पर्यावरणाचा न्याय’. पाऊण तास दिला होता. त्यातली वीस मिनिटं सत्कारात गेली, म्हणजे अन्यायापासूनच सुरुवात. (हशा)

माझी एक जुनी तक्रार आहे, ती आधी सांगतो. दरवर्षी ५ जूनला कुठली तरी संस्था विडी कामगारांच्या वस्तीत येते. खड्डे आदल्या दिवशी खणून तयार. एवढंसं रोप, त्याला नऊजणांचे हात, आणि फोटोवाला ओरडतोय, "साहेब, रोप दिसत नाही!" (हशा) अशाच एका कार्यक्रमात एका अक्कांनी विचारलं, "याला पाणी कोण घालणार?" पाहुणे म्हणाले, "तुम्हीच, मावशी. लेकरासारखं जपा." अक्का म्हणाल्या, "नळ पाच दिवसांनी येतो. त्यात लेकरांना आंघोळ घालू, पानं भिजवू, का ह्याला पाजू?" विडीची पानं भिजवल्याशिवाय कापता येत नाहीत, हे पाहुण्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी अक्कांना नारळ दिला. त्यात पाणी असतं ना! (हशा, टाळ्या)

टाळ्या नकोत, तुमच्यापैकी काहीजण त्या फोटोत आहेत.

उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून इथवर येतं. शेवटच्या गल्लीत ते पोचतं रात्री दोनला. रात्रभर घागरी भरलेली बाई सकाळी विड्या वळायला बसते, ती डुलक्या घेत. हा पर्यावरणाचा प्रश्न नाही तर कसला? आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं. पण ती विणणाऱ्याच्या घराचा पत्रा मे महिन्यात, पारा ४२ वर असताना, कुणी हात लावून पाहिलाय? खाली माग, वर पत्रा, मधे माणूस.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पळतो.

अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्टनं वस्तीतल्याच बायकांना हाताशी धरून छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग लावला. घरं थोडी थंड झाली. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यातून ‘स्वच्छ’ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि तिनं महापालिकेशी करार केला. २०१६ च्या घनकचरा नियमांतच कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असं लिहिलं होतं. आपल्याकडे हे कुठवर आलं, ते भोगावच्या कचरा डेपोवर जाऊन बघा.

माझं म्हणणं एवढंच. संस्थेच्या समितीत निम्म्या बायका त्याच गल्लीतल्या हव्यात, नुसत्या सतरंजीवर बसायला नव्हे, चेकवर सही करायला. पहिलं काम कुठलं, ते त्या ठरवतील. झाड म्हणाल्या तर झाड. आमच्या अक्का पत्रा म्हणाल्या. रंग आलाय, ब्रश आलेत, शिड्या कमी पडतायत. ज्यांच्या घरी शिडी आहे त्यांनी जाताना नाव लिहून द्यावं.