अडकित्ते, वज्र्या आणि कपाटातली गर्दी

नमस्कार मंडळी,

मी इथे मुलाकडे आले आहे असं कळल्यावर तुमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला 'पुण्यात काय पाहावं' यावर बोलायला सांगितलं. शनिवारवाडा तुम्ही पाहिलेलाच असणार. मी बोलणार आहे शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाबद्दल, त्यातही एकेका विषयावर तिथे लागणाऱ्या खास प्रदर्शनांबद्दल.

दिनकर गंगाधर केळकर म्हणजे कवी 'अज्ञातवासी'. दुकान चष्म्यांचं, जीव मात्र जुन्या वस्तूंत. १९२० च्या सुमारास त्यांनी त्या जमवायला सुरुवात केली. संग्रहाला नाव दिलं अकाली गेलेल्या राजाचं, त्यांच्या मुलाचं. १९७५ साली तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. काय जमवलं? दौती, समया, लामणदिवे, शेवेचे सोरे, दरवाजे. ढालीतलवारीही आहेत, पण मला तिथे खेचून नेतं ते स्वयंपाकघर आणि न्हाणीघर.

वस्तू वीस हजारांच्या वर आणि मांडलेल्या साधारण अडीच हजार. उरलेल्या कपाटात. खास प्रदर्शनात त्यांतल्या काही बाहेर निघतात, म्हणून पुण्यातल्या नातेवाइकांना आधी फोन करून ते लागलंय का विचारा आणि वेळ काढून जा.

नेहमीच्या दालनात आपण अडकित्त्यासमोर किती थांबतो? 'आजीकडे होता असा' म्हणतो आणि पुढे सरकतो. पण तेच पन्नास अडकित्ते ओळीने मांडले की पाय हलत नाहीत. पातं सगळ्यांचं लोखंडी आणि काम एकच, सुपारी कातरणं. पितळेत मात्र कारागिराने काय वाटेल ते केलंय. कुठे पोपट, कुठे घोडा, कुठे स्त्रीपुरुषाची जोडी. त्या जोडीत पाती उघडली की दोघं लांब, मिटली की गळ्यात गळा. पाहुण्यांसमोर तबकात असा अडकित्ता ठेवणारं घर आपण समजतो तेवढं सोवळं नसावं!

आणि वज्री. टाच घासायची वस्तू, ती कोण कशाला नटवेल? पण खालची बाजू आडव्याउभ्या रेघांनी खरबरीत आणि वर ऐटीत बसलेला मोर किंवा हत्ती. काहींच्या पोटात खडे असतात, घासताना खुळखुळतात. न्हाणीघरात दुसरं कुणी बघायला नसतं. एकटीने पाय घासताना मजा यावी एवढ्यासाठी कुणीतरी हे घडवलं. मला शिल्पातल्या अप्सरांपेक्षा हा खुळखुळाट जास्त आवडतो.

या वस्तू वाचल्या कशा, हेही सांगते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले. उरलेल्यांच्या जागी पुढे सोसायट्या आल्या. दोन खोल्यांत हंडे, घंगाळी, लामणदिवे कुठे ठेवणार? मोडीत गेले, नाहीतर जुन्या बाजारात. केळकरांनी ही जमवाजमव तोवर चाळीस वर्षं केलेली होती. मस्तानीचा महालसुद्धा त्यांनी कोथरूडहून आणून संग्रहालयात पुन्हा उभा केला.

एक तक्रार आहे. आपल्याकडे वस्तूखालच्या पाटीवर 'अडकित्ता, पितळ, एकोणिसावं शतक' एवढंच असतं. तो कुणाचा, कुठल्या गावचा, घरातून बाहेर का पडला, हे नसतं. विकणाऱ्याने सांगितलं नसेल, हे मला मान्य आहे. तुमच्याकडे मात्र सांगणारी माणसं अजून आहेत.

म्हणून या गणपतीत मंडळाने एक टेबल लावा. विषय एकच ठेवा, पानाचं साहित्य किंवा फराळाची हत्यारं. तुमच्या कपाटात चंची, चुनाळं, सोऱ्या, कातणं असणारच. प्रत्येक वस्तूखाली दोन ओळी मराठीत लिहा आणि मुलांकडूनच लिहून घ्या. आजीला फोन केल्याशिवाय त्या लिहिता येणार नाहीत, हाच त्यातला डाव आहे. आणि पुण्याहून अडकित्ता आणणार असाल, तर हातातल्या बॅगेत ठेवू नका. विमानतळावर काढून घेतात.